विलगीकरणातले सात मासे

आमच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी हात धुवावे लागतात. मग औषधात भिजवलेल्या पायपुसण्यावर उभं राहावं लागतं. मग आत्या नखं तपासते. एवढा थाट कशासाठी, तर बत्तीस गोल्डफिश आणि चार वाफे पालेभाजी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. चौतीस वर्षं साथीच्या रोगांच्या वॉर्डात सिस्टर होती. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आली आणि पहिले सहा महिने नुसती खिडकीशी बसून राहिली. जेवायला बोलावलं की जेवायची, विचारलं की बोलायची. शेवटी मीच तिला शेडमध्ये ओढून नेलं आणि समजावून सांगितलं: माशांच्या टाकीतलं घाण पाणी वाफ्यांत जातं, मुळांपाशी राहणारे जिवाणू त्या घाणीचं खत करतात, भाजी ते खाते आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशांना मिळतं. तिने आठ्या घालून ऐकून घेतलं.

"म्हणजे सगळ्यांचं पाणी एकच? आणि एकाला काही झालं तर?"

ती येण्याआधी मी दुकानातले नवे मासे थेट टाकीत सोडले होते आणि दहा दिवसांत टाकी रिकामी झाली होती. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, मी दुसरे मासे आणले तेव्हाच निकाल दिला होता की पुन्हा मासे मेले तर टाकी भंगारात जाणार.

त्या दिवसापासून शेड आत्याची झाली. खिडकीशी कुणी बसेना. घरात पुन्हा हुकूम सुटू लागले आणि मला फार बरं वाटलं.

आणि मग एका सकाळी तिने मला हाक मारली. "ए, इकडे ये. हे बघ."

सात माशांच्या गालांवर पांढरे ठिपके होते, रव्याच्या दाण्यांएवढे. टाकी गेली तर जाऊ दे, पण आत्या पुन्हा त्या खिडकीशी बसलेली मला बघवली नसती. मी निळ्या औषधाची बाटली उचलली, तसं तिने माझं मनगट धरलं.

"ठेव ती खाली. औषधाने जिवाणू मेले की घाण पाण्यातच राहणार. मग उरलेले पंचवीसही जातील."

"मग मीठ टाकू?"

"म्हणजे पालक जळेल. पेशंट बाहेर काढायचे, औषध आत घालायचं नाही."

अर्ध्या तासात सातही जण कोपऱ्यातल्या मोठ्या टबमध्ये, हलक्या मिठाच्या पाण्यात. त्यांचा हवेचा पंप वेगळा, जाळी वेगळी. भिंतीवर तक्ता लागला: पाण्याचं तापमान, खाणं, हालचाल, दर चार तासांनी. मोठ्या टाकीवरही पहारा बसला.

दादा डोकावून म्हणाला, "आत्या, यांना थर्मामीटर लावतेस तरी कुठे?"

"ये पुढे, तुला लावून दाखवते."

दादा पुढे आला नाही. पण तो गेल्यावर ती हळूच मला म्हणाली, "वॉर्डात मला असलं आधी कळायचं गं. आता नजर गेली बहुतेक."

चार दिवस गेले. पेशंट काही मरेनात. उलट दुप्पट खात होते आणि टबच्या कडांना धडका देत होते. आत्याने तक्त्यावर लिहिलं, 'अस्वस्थ. ऐकत नाहीत.'

मी पहिल्याच दिवशी बोलावलेले माशांचे डॉक्टर पाचव्या दिवशी एकदाचे उगवले. त्यांनी एका माशाच्या अंगावरचा चिकट थर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मग भिंग घेऊन एकेकाचे गाल पाहिले, पुढचे पर पाहिले.

"ठिपके अंगावर कुठेच नाहीत. फक्त गालांवर आणि पुढच्या परांच्या कडेला," ते म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "सिस्टर, हे सातही नर आहेत. विणीच्या दिवसांत नरांना असे दाणे येतात. हे आजारी नाहीत, लग्नाला आलेत!"

दादा उपड्या बादलीवर बसून खो खो हसायला लागला. आत्या लालबुंद झाली.

"म्हणजे मी पाच दिवस नवरदेव कोंडून ठेवले?" असं म्हणून तीही हसू लागली, थेट डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सातही जणांना टाकीत सोडलं, तर त्यांनी लगेच माद्यांच्या मागे अशी धाव घेतली की पाणी आमच्या अंगावर उडालं.

मग मात्र तिने हातातली जाळी खाली ठेवली. "चौतीस वर्षांत असं चुकलं नव्हतं. आता मी टाकीला हात लावत नाही."

मला ती खिडकी दिसू लागली. डॉक्टर भिंतीवरचा तक्ता वाचत होते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला त्यांनी.

"माझ्या देखरेखीत अशा अकरा शेड आहेत," ते म्हणाले. "मासे मेले की लोक मला फोन करतात. ठिपका दिसल्या दिसल्या पेशंट वेगळे काढणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय. खरा रोग असता तरी तुम्ही निम्मी लढाई जिंकली होती. सोमवारी माझ्याबरोबर फेरीला याल? नजर तुमची, निदान माझं."

आत्याने भिंतीवरचा तक्ता सरळ केला. मग तिने विचारलं, "किती वाजता?"

"आठला निघू."

"आठला? फेरी सहाला असते, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कसली त्यांची सुटका करते!

"बरं, सहाला," ते म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.