ढोलावरचं हरीण

केलीनं पहिल्या ढोलावर पिवळं स्टिकर चिकटवलं तेव्हा मनोहर पाटणकर खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. पायात काही घालून ढोलाला शिवायचं नाही, हा पथकाचा नियम. फुटबॉल क्लबच्या सामानाच्या खोलीतही त्यांनी तो पाळला होता. अनवाणी पुढे येऊन त्यांनी सांगितलं की हे ढोल क्लबचे नाहीत, ट्रॉय गावातल्या आमच्या मराठी मंडळाचे आहेत, इथे फक्त ठेवलेत.

केली ही कोर्टानं नेमलेल्या ट्रस्टीची माणूस. स्टॅग्ज क्लबनं दिवाळखोरी जाहीर केली होती आणि गोलच्या जाळ्यांपासून कॉफीच्या मशीनपर्यंत जे जे विकता येईल त्यावर स्टिकर लावायचं काम तिच्याकडे होतं. पोरगी सभ्य होती. तिनं आधी 'सॉरी' म्हटलं आणि मग ढोलावर बोट ठेवलं. तिथे निळ्या रंगात शिंगं असलेल्या हरणाचं डोकं होतं. ते क्लबचं चिन्ह, आणि ते सगळ्याच ढोलांवर होतं. हे कुणी काढलं, असं तिनं विचारलं.

"मीच," मनोहर म्हणाले.

मनोहर मूळचे सोलापूरचे. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या कम्प्युटर खात्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि साठीच्या तोंडावर त्याच कंपनीनं त्यांच्या हातात सामान भरायचा रिकामा खोका देऊन त्यांना घरी पाठवलं. घरी बसून शुभाच्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून ते स्टॅग्जमध्ये लागले. खेळाडूंचे कपडे धुवायचे, बूट पुसायचे, चेंडूंत हवा भरायची. 'पाटणकर, तुम्ही मॅनेजर होतात ना हो?' असं मंडळातल्या लोकांनी दोनदा-तीनदा विचारून घेतलं. मग एका वर्षी क्लबचा मालक ब्रायन गणपतीला आला. मनोहरांनी त्याला फेटा बांधला. त्यानं मोदक खाल्ला आणि माइकवर म्हणाला, "वी आर फॅमिली." त्या दिवसापासून पाटणकरांचा भाव वधारला. खरं तर अमेरिकेत मालक फॅमिली म्हणाला की शहाण्यानं आधी आपला खिसा चाचपावा. पण गोऱ्या माणसाच्या डोक्यावर फेटा दिसला की आपल्या लोकांना भरून येतं, त्याला काय करणार?

ब्रायननं पथकाला मॅचला वाजवायला बोलावलं. ढोल ठेवायला फुकट खोली दिली. नवे ढोल पुण्याहून मागवायचे होते, तेव्हा क्लबच्या सामानाबरोबर क्लबच्याच नावानं मागवा, तुमचं जहाजाचं भाडं वाचेल, हेही त्यानंच सुचवलं. भाडं वाचतंय म्हटल्यावर मंडळाच्या बैठकीत एकही हात खाली राहिला नाही. सगळ्यांत उंच हात अध्यक्ष संजीव गोखल्यांचा होता.

हरीण मात्र मनोहरांची स्वतःची हौस. गॅरेजमध्ये बसून, जीभ दातांत धरून त्यांनी एकेक शिंग रंगवलं. "गणपतीच्या ढोलावर हरीण कशाला? काढायचाच तर उंदीर काढा," असं शुभा म्हणाली होती, तेव्हा ते नुसते हसले. गोल झाला की ढोल वाजायचे, गोरी पोरं बाकांवर चढून नाचायची, आणि तेवढ्या वेळापुरतं मनोहरांना या देशात आपण पाहुणे आहोत असं वाटायचं नाही. इतकी वर्षं टॅक्स भरूनही जे वाटलं नव्हतं, ते तिथे वाटायचं.

आता ब्रायन फ्लोरिडात होता आणि फोन उचलत नव्हता. क्लब बुडाल्याचं खेळाडूंना बातम्यांतून कळलं आणि मनोहरांना फाटकावरच्या नोटिशीतून. स्वतःच्या थकलेल्या पगाराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. गणपती तोंडावर आले होते आणि आपल्यामुळे पथकाचे ढोल अडकले, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

बैठक संजीवच्या बेसमेंटमध्ये झाली. वकिलाची फी ढोलांच्या किमतीहून जास्त निघाल्यावर कायदा बाजूला पडला. लिलावात आपणच बोली लावू, असं मनोहरांनी सुचवलं, तर आपलेच ढोल आपण विकत घ्यायचे का, म्हणून सगळ्यांचा स्वाभिमान जागा झाला. पोह्यांची दुसरी प्लेट संपेपर्यंत तो जागाच होता. मग संजीवनं सगळ्यांसमोर विचारलं.

"मनोहरकाका, खोलीची चावी अजून तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे. केली रोज मलाच उघडायला बोलावते."

"मग सिम्पल आहे यार. जाऊन ते हरीण पुसून टाका. थिनरनं दहा मिनिटांत निघेल. स्टिकर्स काढा, आम्ही व्हॅन घेऊन येतो. प्रूव्ह कोण करणार?"

कुणीच नको म्हणालं नाही. मनोहरांनी प्लेट खाली ठेवली.

"तिनं चावी माझ्याकडे ठेवली ती विश्वासानं," ते म्हणाले. "आपलेच ढोल मी चोरून आणणार नाही."

"विश्वास तर तुम्ही ब्रायनवर पण ठेवला होता, काका."

मागे कुणीतरी हसलं. परतताना गाडी शुभा चालवत होती. भाडं वाचवायला हात सगळ्यांनी वर केले होते, मग बोलणी तुम्ही एकट्यानंच का खायची, असं ती म्हणाली. हरीण मी काढलं ना, असं ते पुटपुटले. "हो, आणि फेटाही तुम्हीच बांधलात," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, म्हणून ती चिडली होती. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पथकप्रमुख म्हणून मनोहरांच्या जागी संजीवचं नाव आलं. खाली सगळ्यांचे अंगठे होते.

लिलाव क्लबच्या पार्किंगमध्ये ऑगस्टच्या भर उन्हात झाला. मंडळातलं कुणी फिरकलं नाही. त्यांनी शिकागोच्या एका पथकाकडून ढोल भाड्यानं ठरवले होते, आणि त्या भाड्यासाठी वर्गणी काढताना कुणाचा स्वाभिमान आड आला नव्हता. ढोल सगळे एकत्रच विकायचे होते. मनोहर एकटे उभे राहिले. शुभाबरोबर ठरवलेल्या आकड्यापर्यंत त्यांनी हात वर केला, मग तिला न विचारता त्याच्याही पुढे केला. समोरचा दाढीवाला बारमालक फोनवर बोलता बोलता बोली वाढवत होता. शेवटी मनोहरांचा हात खाली आला तो आलाच. बारमालकाला ढोलांची बुटकी टेबलं करायची होती. वर काच बसवली की झालं.

त्याची माणसं ढोल आडवे पाडून बुटांनी ट्रककडे ढकलू लागली. मनोहरांनी थोडा वेळ बघितलं. मग त्यांनी बूट काढले, मोजे त्यात कोंबले, आणि एकेक ढोल पोटाशी धरून ट्रकवर नीट उभा करून ठेवू लागले. तुम्हाला हे करायची गरज नाही, असं केली येऊन सांगून गेली. त्यांनी मान हलवली आणि पुढचा उचलला.

बारमालक जवळ आला आणि नखानं हरणाच्या शिंगावर खरवडून बघू लागला. हे त्या बुडालेल्या क्लबचंच ना, असं त्यानं विचारलं. असलं चित्र त्याला बारमध्ये नको होतं. हे निघतं का?

"निघतं," मनोहर म्हणाले. "थिनर लावा. दहा मिनिटं लागतील."

आणि ते तापलेल्या डांबरावरून अनवाणीच पुढचा ढोल आणायला गेले.