एका पायातला वाळा

वाळा अजून तिथंच होता – लेकीच्या, चतुराच्या उजव्या घोट्यावर, तेलानं काळपट झालेला, खालची कातडी सोललेली – आणि बैलगाडी खड्ड्यात आदळली की बायना तो पाय मुठीत आणखी घट्ट धरत होती, कुणी वाळ्याला धरून अख्खी पोर ओढून नेईल म्हणून.

ओढलीच होती की! काल जालन्याच्या अदालतीत उर्दूत निकाल वाचला गेला, वकिलानं मराठीत सांगितलं, पोर आईकडे राहील. आणि भुजंगनं – दुसरी बायको आणून हिला हाकलणाऱ्या, पोर मात्र ठेवून घेणाऱ्या नवऱ्यानं – मान खाली घातली... पण सासरा? रखमाजी बाहेर येऊन म्हणाला, "पोरगी तुही, बराबर. वाळे आमच्या घरचे." डावा निघाला. उजवा निघेना. तेल झालं, साबण झाला, मग सोनाराची कानस आली, पोर किंचाळली – तेव्हा बायनानं कानसच हिसकून रस्त्यात भिरकावली. "न्हाई! बिलकुल न्हाई!" भर बाजारात, सासऱ्यासमोर, डोक्यावरचा पदर पडलेला... पडू दे. इतकी वर्षं सावरून काय मिळालं?

"बायना, झाक तो पाय जल्दी," गाडी हाकणारा भाऊ पुंजाराम म्हणाला. "जकातीचा नाका आला."

नाक्यापलीकडे वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख, भावाचं घर. तिथं निजामाचा हुकूम चालत नाही. रखमाजीचा कुठला चालायला! तिनं पाय झाकला नाही. नाक्यावरचा शिपाई वाकला. "चांदी? किसका है?"

"पोरीची हाये. अन् पोरगी माही."

त्यानं नुसता हात हलवला. जा. एवढंच? ती दातओठ खात बसलेली, भांडायला सगळी तयार, आणि हा बाबा जांभई देतो...

पलीकडे लिंबाखाली पुंजारामनं बैल सोडले. बायनानं मूठ उघडली. बोटं आखडली होती. चतुरा खाली उतरून चालू लागली. उजव्या वाळ्याचे घुंगरू वाजले, डावा पाय वाजला नाही. ती थांबली.

"माय, दुसरा कुठंय?"

"तिकडं."

"आजीपाशी? मंग चाल, आणू."

न्हाई... अदालतीत, बाजारात, किती जणांच्या तोंडावर तिनं हा शब्द मारला होता. आताही तो जिभेवर होता, आणि खरा होता; परत ती जाणार नव्हती, मेली तरी नाही. पण या एवढ्याशा तोंडावर तो मारायचा कसा, हे तिला कळेना, आणि कालपासून पहिल्यांदा तिला भीती वाटली. चतुरा जालन्याच्या रस्त्याकडे तोंड करून डावा पाय आपटून पाहत होती.