डाव्या हाताचं माप

टेम्पोतून कुट्टी मशीन उतरलं तेव्हाच मिस्त्रीने ते ओळखलं. गुरांचा चारा बारीक करणारी असली मशिनं त्याने शेकड्यांनी दुरुस्त केली होती, पण ह्याच्या पात्याकडे चारा नेणाऱ्या पन्हळीवरचं झाकण त्याने स्वतःच्या हाताने काढलं होतं. मागोमाग वहिनी उतरल्या. उजव्या हाताला नुसता तळवा आणि अंगठा. तो त्या लपवत नव्हत्या. नजर लपवायची पाळी मिस्त्रीवर आली.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने तक्रार केली होती, की ओल्या चाऱ्याने झाकण तुंबतं. मिस्त्रीने बोल्ट काढले, झाकण बाजूला ठेवलं आणि फुशारकी मारली, "आता बघा, लोण्यासारखं चालेल." तिसऱ्या आठवड्यात वहिनींची चार बोटं गेली. गाव म्हणालं, बाईचं लक्ष नव्हतं. कुणी नशिबाला बोल लावला. मिस्त्रीचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही, आणि तेच त्याला खात होतं. चोराच्या मनात चांदणं. तो त्या गल्लीतून जायचाच बंद झाला.

आता त्याने भंगाराच्या ढिगाखालून ते जुनं झाकण ओढून काढलं.

"वहिनी, चूक माझी होती. हे मी जपून ठेवलंय. आत्ता बसवून देतो."

"बसवाल हो. पुन्हा तुंबलं की आमचे हे काढायला लावतील, आणि तुम्ही काढाल."

"मी नाही काढणार."

"मग ते काढतील. पान्हा आहे घरात." वहिनी स्टुलावर बसल्या. "हल्ली चारा मुलगी घालते, मिस्त्री. रोज संध्याकाळी मी तिचे हात हातात घेऊन बोटं मोजते. तिला वाटतं, आई लाड करतेय."

मिस्त्रीने झाकण खाली ठेवलं.

"तुम्ही ह्यात चारा घातलाय कधी?" वहिनींनी विचारलं.

"चालतंय का बघायला, मूठभर."

"आज भारा घाला."

टेम्पोत भाराही होता. बाई तयारीनिशी आली होती. मिस्त्रीने मशीन जोडलं, वहिनी बटणापाशी उभ्या राहिल्या. पहिल्या दहा मिनिटांत त्याची पाठ भरून आली, नाकातोंडात भुसा गेला. वीस मिनिटांनी तो कंटाळला. अर्ध्या तासाने त्याला फक्त भारा संपवायचा होता. शेवटचे तुकडे पन्हळीत अडकले, रोलर त्यांना ओढेना, तेव्हा ढकलायला त्याचा हात आपसूक आत गेला.

खटकन बटण बंद झालं. त्याने हात मागे घेतला. रोलर त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबला होता, आणि पातं अजून गरगरत होतं.

"कुठं होतं लक्ष तुमचं?" वहिनी म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. गावाने त्यांना दोन वर्षं विचारलेला प्रश्न त्यांनी नुसता पुढे सरकवला होता. मिस्त्री खाली बसला. इतक्या वर्षांच्या कारागिरीत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते आता शिरत होतं.

"लक्षाचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "पन्हळच आखूड आहे. शेवटच्या तुकड्यांसाठी कुणाचाही हात आत जाणार."

"मग?"

"लांब करू. वर पत्र्याचं छत. हात खांद्यापर्यंत घातला तरी पोचायला नको. उरलेले तुकडे पुढचा चारा ढकलेल. तुंबलं तर मशीन बंद करून काठी घालायची. आणि बोल्ट नाहीच, सरळ वेल्डिंग. बघू कोण काढतंय."

"आता बोललात."

मिस्त्री उठला. फूटपट्टी कुठे सापडेना, म्हणून त्याने खडू घेतला. "हात जरा ह्या दारावर टेकवा. पूर्ण, खांद्यापासून." त्याने सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला दाराचं फळकूट ओढलं.

"डावा घ्या," वहिनी म्हणाल्या. "उजव्याचं माप घ्याल तर चार बोटं आखूड होईल."

हसावं की नाही, हे मिस्त्रीला कळेना. मग वहिनीच हसल्या, आणि तोही हसला, डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिला. नंतर त्याने त्यांच्या डाव्या हाताभोवती खांद्यापासून खडू फिरवला आणि पुढे एक वीत वाढवली.

चार महिन्यांत अकरा मशिनांना तशी पन्हळ लागली. एवढी लांब कशाला, जागा खाते, असं कुणी कुरकुरलं की मिस्त्री वाद घालत नाही, एक भारा घालायला देतो. परवा वहिनी पात्याला धार लावून घ्यायला आल्या होत्या.

"चारा आता मीच घालते," त्या म्हणाल्या.

"मग मुलीची बोटं मोजणं थांबलं का?"

"छे हो. आता तीच हात पुढे करून मोजून घेते. लाड म्हणून."

दाराला मिस्त्रीने मध्यंतरी रंग दिला, तेवढा हात सोडून. येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे घासून खडूची रेघ पुसट झाली की तो ती पुन्हा गिरवतो. खांदा, कोपर, मनगट, आणि मग पाचही बोटं, सावकाश.