उघडता येईल अशी

काळी, गुळगुळीत, वीतभर लांबीची ती नळी दुकानाच्या काउंटरच्या काचेवर अंथरलेल्या हिरव्या कापडावर आडवी पडली होती, आणि तिच्या टोकाच्या झाकणावरच्या बारीक खाचा नायरीला दिसत होत्या – दिसत होत्या म्हणजे काय, दुसरं काही दिसतच नव्हतं. त्या खाचा चिमटीत धरायच्या आणि झाकण फिरवायचं. दुकानदार डेसनं आत्ताच फिरवून दाखवलं होतं, बोलता बोलता, त्याकडे न बघता, आणि पुन्हा लावूनही टाकलं होतं.

"पॉइंट बावीसच्या बंदुकीला यापेक्षा शांत सायलेन्सर माझ्याकडे नाही, मिसेस टलॉक. हळू जाणारी गोळी घाला. मग तुम्हाला फक्त घोडा पडल्याचा आवाज येईल, आणि तिकडे ससा पडल्याचा."

डेस बोलत होता तिच्याशी आणि बघत होता कॅलमकडे. शाळेत दोघं एका बाकावर होते, आणि अजूनही एकमेकांकडे बघूनच काय ते ठरवत होते. कॅलम मात्र, तिचा मुलगा, तिच्या हातांकडे बघत होता.

मला कळतंय तू का आलायस, ती मनात म्हणाली. सायलेन्सर घ्यायचाय तर मी नेतो म्हणालास, वाटेत चीज रोल घेऊन दिलास, आणि त्यावरचा कागद मला सोडवता येतो की नाही हेसुद्धा तिरक्या नजरेनं बघितलंस... गावातली ती दोन खोल्यांची जागा, उबदार, दाराला पायऱ्यांऐवजी उतार, आजूबाजूला सगळ्या विधवा – तिचं पालुपद तू नवीन वर्षापासून लावलंयस. टेकडीवर ससे आहेत तोवर कुणीतरी बंदूक घेऊन फिरायला हवं, नाहीतर मेंढ्यांना गवताची काडी उरायची नाही. आणि आईला बंदूक झेपत नाही असं एकदा ठरलं, की आईचं टेकडीवर काय काम? तुझा हिशोब चोख आहे. बापावर गेलायस.

"नळी फक्त साफ ठेवावी लागते," डेस सांगत होता. "या गोळीची काजळी फार, वर शिसं. वेळेवर उघडली नाही तर आत सगळं धरून बसतं. पण कॅलम देईल ना उघडून. काय रे?"

"देईन की."

"मीच उघडीन," नायरी म्हणाली.

वॉटी असता तर पोट धरून हसला असता. बंदुकीचा आवाज कमी करणं हे तिच्या नवऱ्याला बायकी खूळ वाटे. उजव्या खांद्याला दस्ता, डावा कान पुढे, बंदुकीच्या तोंडाकडे – जन्मभर तसंच – आणि शेवटी डावा कान ठार गेला. रविवारी जेवून तो उजव्या कुशीवर कलंडला, चांगला कान उशीत दाबून, की ती पलंगाच्या कडेला बसून त्या मेलेल्या कानाशी बोलायची. काय काय बोलली होती ती! की तुझ्या बहिणीनं मला आयुष्यभर मोलकरणीसारखं वागवलं. की तू लोकांसमोर माझा हात धरलास ना, मला फार आवडलं. की वॉटी, कोकराच्या बाटलीचं बूच माझ्यानं निघत नाही रे, माझी बोटं चाललीत... तो घोरत राही. सांगितल्यासारखंही व्हायचं आणि न सांगितल्यासारखंही. तिला तेच बरं पडायचं.

आणि आता या हिवाळ्यापासून तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली होती. दिवसभर, बारीक, न थांबणारी. पण कान ती देणार नव्हती. बोटं गेली ती न विचारता गेली. कान मी देणार नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

तिनं नळी उचलली. अंगठा आणि तर्जनी खाचांवर ठेवून जोर केला. काही हललं नाही. बोटं घसरली. स्वेटरच्या टोकानं झाकण पुसून तिनं पुन्हा धरलं, मनगट वळवलं, खांदा वळवला... आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की दात आवळून तिला छताकडे बघावं लागलं. "भलतंच घट्ट बसवलंयस," ती म्हणाली. डेस सभ्यपणे मागच्या फळीवरची खोकी सरळ करायला लागला.

"आण, आई."

कॅलमनं नळी तिच्या हातातून काढून घेतली – हळूच, अगदी मायेनं – आणि झाकण एका हिसक्यात फिरलं. त्या मायेनंच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडला असता तरी चाललं असतं. तिचे हात आपोआप कोटाच्या खिशांकडे निघाले, आणि निम्म्या वाटेत तिचं तिलाच उमगलं की हे आपण किती दिवस करतोय! तो यायच्या आधी पाव कापून ठेवायचा. चहा मगमध्ये घ्यायचा, कपाचा कान धरता येत नाही म्हणून. घरात हातमोजे, थंडी आहे म्हणून. चोरी केल्यासारखं. कुणाची चोरी? कोकरं ओढून काढली या हातांनी, तारा ताणल्या, याचं ढुंगण धुतलं!

तिनं दोन्ही हात काचेवर पालथे ठेवले. सुजलेली पेरं, एकीकडे झुकलेली बोटं, सगळं उजेडात.

"बघ," ती म्हणाली. "चोरून नको, नीट बघ. सकाळी मूठ वळत नाही. दुपारपर्यंत बोटं सैल होतात. मग मी बाहेर पडते आणि नेम धरते, आणि ससा पडतो."

"आई, मी काही म्हटलंय का?"

"म्हणत नाहीस, तेच तर. डेस, ती खोकी राहू दे. सगळ्यात शांत नको मला. या हातांना उघडेल अशी कुठली आहे?"

डेसनं पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. मग हातांकडे. "एक आहे. जड आहे जरा. टोकाला चपट्या कडा आहेत, पान्यानं फिरते. लांब पाना घेतलात तर जोरही लागत नाही. आवाज मात्र थोडा जास्त."

"माझ्या कानाला?"

"कानाला चालेल. पण टेकडीखालच्या नव्या घरांना कळेल, तुम्ही आहात म्हणून."

"कळू दे की!"

डेस हसला. कॅलम हसला नाही. हातातली उघडी नळी तो उगाच फिरवत राहिला.

"आणि पानाही धरता आला नाही, की?"

तो दिवस येणारच होता. पुढच्या हिवाळ्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या... आणि तरी, आश्चर्य म्हणजे, तिला लाज वाटली नाही. भीती वाटली, अगदी लख्ख.

"तेव्हा तुला सांगेन," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर. तोवर तू मला विचारायचं, माझ्या हातांना नाही."

काच गार होती. सुजलेली बोटं दोघांनाही दिसत असणार. दिसू देत. तिनं हात तिथंच ठेवले.