झुंबरबाईंचे चाळीस टाके

मित्रांनो, दुकानात गुलाबी मुठीच्या क्रोशाच्या सुया मिळतात. त्यांच्यावर नंबर छापलेला असतो आणि त्या एकसारख्या दिसतात. माझ्यावर नंबर नाही. मी मुळात सायकलच्या चाकातली एक तार होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत भिमाजी नावाचे एक फिटर राहायचे. आपली नवी नवरी शेजारणीची सुई सारखी मागून आणते हे त्यांना बरं वाटेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला कानशीने घासलं, टोकाला आकडी काढली आणि बाभळीच्या लाकडाची मूठ बसवली. नवरीचं नाव झुंबरबाई. आता माझी मूठ काळी पडली आहे, पण आकडीतून दोरा अजून निसटत नाही. एवढा तोरा मला शोभतो.

सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. आम्ही दोघींनी रुमाल विणले, तोरणं विणली, रेडिओवर घालायचं झाकण विणलं. कॉलनीतल्या बायका वीण उलटी करून बघायच्या आणि खोट सापडली नाही की गप्प बसायच्या. मला कौतुकाची सवय लागली ती तेव्हापासून.

मग झुंबरबाईंना मुलगी झाली. तिचं नाव म्हाळसा. तिच्यासाठी आम्ही टोपडं विणलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी छान लांब बंद लावले, टोकाला गोंडे. सगळ्यांनी नावाजलं. म्हाळसा सात महिन्यांची असताना एके सकाळी तिला पाळण्यात निजवून झुंबरबाई नळावर पाणी भरायला गेल्या. बाळ कुशीवर वळलं. लांब बंद पाळण्याच्या कडीत अडकला. झुंबरबाई परत आल्या तेव्हा पाळणा हलत नव्हता. मी समोरच्या फळीवर उघड्या डब्यात होते. मला सगळं दिसलं आणि मला हाक मारता आली नाही. ते बंद मीच विणले होते, मित्रांनो. हे मी कधी विसरले नाही.

काही वर्षं मी डब्यात बंद होते. पुढे मुलगा झाला तेव्हा झुंबरबाईंनी मला परत हातात घेतलं. टोपडं झालं, बंद घालायला घेतले, आणि त्या तोंडाने टाके मोजू लागल्या. चाळिसाव्या टाक्याला थांबल्या आणि दोरा कापला. हनुवटीखाली जेमतेम गाठ बसेल एवढेच बंद. त्यानंतर कॉलनीत जन्मलेल्या कितीतरी बाळांना त्यांनी टोपडी दिली आणि प्रत्येकाचे बंद चाळीसच टाक्यांचे होते. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. भिमाजींनी तो विषय घरात निघू दिला नाही. म्हाळसाचं नावसुद्धा घरात कोणी घेईनासं झालं.

तीन वर्षांपूर्वी झुंबरबाई गेल्या आणि मी त्यांच्या सुनेकडे आले. ही सुवर्णा. हिचं काम वेगळंच आहे. ही क्रोशाचे नमुने लिहिते. पहिल्या ओळीत किती खांब, दुसरीत किती साखळ्या, असं अगदी स्वयंपाकाच्या कृतीसारखं. नमुना सगळ्यांना देण्याआधी ती तो चारचौघींकडून विणून घेते. लिहिलंय तसं होतं का, टाके कुठे कमी-जास्त पडतात का, हे त्यांनी कळवायचं. या कामाचा मोबदला नाही, नुसती हौस. सुवर्णा त्यांना टेस्टर म्हणते. या टेस्टर सांभाळणं म्हणजे सोपं काम नव्हे. एक दोन दिवसांत विणून मोकळी होते, दुसरी लग्नसराईत बुडते, तिसरी नमुना न वाचताच आपल्या मनाने विणते आणि वर विचारते की माझं असं का झालं. सुवर्णा सगळ्यांना गोड बोलून आठवण करत राहते. शेवटी प्रत्येकीने सहा प्रश्नांचा एक कागद भरून द्यायचा. त्यातला पाचवा प्रश्न असा, की कुठे अडलं का?

एक अडचण मात्र सुटेना. प्रत्येकीच्या घरची सुई वेगळी. एकीचं टोपडं लिंबाला बसेल, दुसरीचं कलिंगडाला. म्हणून सुवर्णाने ठरवलं की टोपड्याच्या नमुन्यासाठी एकच सुई सगळ्यांकडे फिरवायची. ती सुई मी. म्हातारपणी मला प्रवास घडणार म्हणून मी मनातून खूश झाले होते.

ती खुशी टिकली नाही. सुवर्णाने नमुना सासूच्याच टोपड्यावरून लिहिला होता, फक्त बंद बदलले होते. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, दोरा वाचवायला ते आखूड ठेवले असणार, असं ती नवऱ्याला म्हणाली. फोटोत लांब बंद उठून दिसतात. तिने लिहिलं, प्रत्येक बंद एकशेवीस साखळ्या, टोकाला गोंडा. सोमवारी हा नमुना दोनशे बायकांना जाणार होता. मला दोनशे पाळणे दिसायला लागले. आणि मी पडले सुई.

यवतला रोज डेमू रेल्वेगाडीने जाणाऱ्या एका शिक्षिकेच्या पिशवीतून मी आधी कासुर्डीला गेले, कुशाबाईंकडे. त्यांचा शेवंतीचा मळा आहे. फुलं तोडून झाली की दुपारी त्या ओसरीवर विणत बसायच्या. टोपडं झकास झालं. मग बंद घेतला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि मी थांबले.

खरं सांगायचं तर मी थांबले नव्हते. कुशाबाईंच्या हातावर आणखी एक हात आला होता. भर उन्हात तो गार होता. त्याच्या अंगठ्यापाशी एक घट्टा होता. तो घट्टा माझ्याच मुठीने पाडलेला, मी त्याला कशी विसरेन? कुशाबाईंनी ओढून पाहिलं, दोरा बदलला, जागा बदलली. मी केसभरही हलेना. दुसऱ्या दिवशी तेच. ओसरीवर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तरी त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. अखेर मला बाजूला ठेवून त्यांनी उरलेली साखळी बोटांनी ओढून पुरी केली. पाचव्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, काहीच अडलं नाही.

शिरूरला धुरपदाबाईंकडे मी एसटीने गेले. त्या शिलाईचे क्लास घेतात. त्यांच्याकडे दहा मुली समोर बसलेल्या असताना तो हात आला. धुरपदाबाई बोलता बोलता गप्प झाल्या. मुलींना वाटलं बाईंना चक्कर आली. त्यांनी मला देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि बंद बोटांनी पुरा केला. त्यांनीही तेच लिहिलं. काही अडलं नाही.

मग भाजीच्या टेम्पोतून मी सणसवाडीला पोहोचले. तिथे शितल भाड्याच्या एका खोलीत राहते. नवरा कंपनीत, पदरी सहा महिन्यांचा साई. टेस्टर म्हणून तिची ही पहिलीच वेळ. चाळिसाव्या टाक्याला तो हात आला तेव्हा शितलने विणकाम मांडीवर ठेवलं आणि हळूच विचारलं, "कोण हाय?" खिडकी लावलेली होती, पंखा बंद होता. हात निघाला नाही. त्या पोरीने साईला पोटाशी धरलं. पण दुसऱ्या दिवशी तिनेही बोटांनी साखळी ओढली. एक सोडून दोन टोपडी विणली, एक सुवर्णाला पाठवायला आणि एक साईला. पाचव्या प्रश्नापुढे दोनच अक्षरं. नाही.

मी मनात आक्रोश करत होते, मित्रांनो. तिघींना काहीतरी जाणवलं होतं आणि तिघींनी ते सभ्यपणे झाकून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मी दौंडला परतले. तो गार हात आता माझ्या मुठीवरून हलत नव्हता. सुवर्णाने तिन्ही टोपडी शेजारी शेजारी मांडली आणि मला त्यांच्यापाशी ठेवलं. तिचा चेहरा खुलला होता. तिन्हींचं माप तंतोतंत आलं होतं. मग तिने बंद सरळ केले आणि तिची बोटं थबकली. प्रत्येक बंद सुरुवातीला घट्ट विणलेला होता आणि पुढे एकदम सैल झाला होता. तिने घट्ट टाके मोजले. चाळीस. दुसरा बंद, चाळीस. सहाही बंदांचे घट्ट टाके चाळीस भरले. तीन गावांतल्या या तीन बायका एकमेकींना ओळखतसुद्धा नव्हत्या.

तिने कुशाबाईंना फोन लावला. कुशाबाई आधी हसण्यावारी नेऊ लागल्या, मग त्यांनी खरं सांगितलं.

"सुवर्णा, तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. सुई अडत न्हवती. कुणीतरी माझा हात धरला व्हता बग."

धुरपदाबाईंनीही कबूल केलं. मेलेल्या माणसाच्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. सुवर्णा उठली आणि कपाटातून सासूने विणलेलं नवऱ्याचं लहानपणचं टोपडं काढून आणलं. बंद मोजले. मग ती भिमाजीआबांसमोर जाऊन बसली. आबा आता ऐंशीच्या पुढचे आहेत. तिने ते टोपडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, आत्या चाळिसावर का थांबायच्या? आबांनी बंद दोन बोटांत धरला.

"म्हाळसा म्हणून पोरगी व्हती आमची," ते म्हणाले. "तिच्या टोपड्याचा बंद लांब व्हता. पाळण्याच्या कडीत आडकला. झुंबरनं त्या दिसापासून लांब बंद कवाच घातला न्हाई. आन् मी कुणाला बोलू दिलं न्हाई. चुकलंच माझं."

सुवर्णाला एकदम काहीतरी आठवलं. तिने फोन उघडला. त्याच दिवशी सकाळी शितलने फोटो टाकला होता. साई झोळीत झोपलेला, डोक्यात नवं टोपडं, लांब बंद झोळीच्या दोरीपर्यंत पसरलेले.

तिने शितलला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. दौंडहून सणसवाडी काही हाकेच्या अंतरावर नाही. आबा भिंतीला धरून उभे राहिले. आणि नेमकी तेव्हाच मला एक गोष्ट जाणवली. सकाळपासून माझ्या मुठीवर जो गार हात होता, तो निघून गेला. कधी नव्हे ती मी एकटी पडले. कुठे गेल्या झुंबरबाई, तेव्हा मला कळलं नाही. मला फक्त फार भीती वाटली.

चौथ्या फोननंतर शितलचाच फोन आला. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. साई झोपलाय ताई, काय झालं, असं ती म्हणाली. सुवर्णाने तिला आधी खोलीत जायला सांगितलं, बाळाच्या गळ्यापाशी बघायला सांगितलं. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, कडी काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"शितल, बोल ना गं."

"साई बरा हाय ताई. जागा हाय, हसतोय." तिचा श्वास लागला होता. "बंद झोळीच्या कडीला आडकलाय. पण नुसता दोरा हाय तिथं. समदा उसवलाय. ताई, मी दाराला भायेरून कडी घातली व्हती. आत कुणी न्हवतं."

सुवर्णाने फोन स्पीकरवर टाकून विचारलं, किती उरलाय. शितल मोजू लागली. आबा तिच्या प्रत्येक आकड्याबरोबर ओठ हलवत होते. चाळिसावर ती थांबली, आणि आबा खाली बसून लहान मुलासारखे रडले.

नमुना सोमवारी गेला नाही. तो पंधरा दिवसांनी गेला. त्यात बंदांपुढे लिहिलं आहे, चाळीस साखळ्या, त्यापुढे एकही घालू नये, आणि का घालू नये तेही आबांनी सांगितलं तसं लिहिलं आहे, म्हाळसाच्या नावासकट. शेवटी, नमुना तपासून देणाऱ्यांचे आभार मानताना सुवर्णाने चार नावं लिहिली. कासुर्डीच्या कुशाबाई, शिरूरच्या धुरपदाबाई, सणसवाडीची शितल. चौथं नाव झुंबरबाई, दौंड. पुष्कळ जणींनी विचारलं की या चौथ्या कोण. सुवर्णा प्रत्येकीला सांगते.

तो हात परत आला नाही. आता दुसऱ्या कोणत्याही विणीत मी चाळिसाच्या पुढे बिनबोभाट जाते. मला त्यांची आठवण येते, पण त्यांना परत यावं लागू नये असंच मला वाटतं. म्हणून तुम्हाला एक विनंती करते, मित्रांनो. मी निर्जीव आहे, मला वाचा नाही, म्हणून एकदा एक बाळ माझ्या डोळ्यांदेखत गेलं. तुम्हाला वाचा आहे. कोणी विश्वासाने विचारलं की कुठे अडलं का, तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून नाही म्हणू नका. अडलं असेल तर सांगा.