इंजिनाचा शेंदूर

इंजिन हे वाहनाचे हृदय होय आणि हृदय बदलण्याचा अधिकार राज्याने स्वतःकडे राखून ठेवला आहे. देवीलाल राठोडनं मात्र ते तांड्यावर, चिंचेखाली बसून, बिडी विझायच्या आत बदललं होतं.

गाडी लेकीसाठी होती. बबिता झरी जामणीकडच्या जंगलातल्या उपकेंद्रात नर्स होती आणि बाळंतिणी तपासायला गावोगाव पायी हिंडत होती. जुन्या मोटरसायकलचं इंजिन जाम झालं, म्हणून देवीलालनं अपघातातल्या गाडीचं इंजिन रीतसर पावती घेऊन आणलं. पण ती वर्षं कापसाच्या दुर्दशेची. ती पाहायला मुंबई-दिल्लीहून मंत्र्यांचे ताफे येत आणि ताफा यायचा म्हटलं की पोलिस नाक्यावर मोटरसायकली अडवून इंजिनाचे नंबर ताडून पाहत. गाडीच्या आरसी बुकातला नंबर जुळला नाही की गाडी चोरीची. नर्सबाईची गाडी जप्त, म्हणजे नर्सबाई पुन्हा पायी. झालंच तर पोलिस ठाण्यात.

म्हणून नवा नंबर बुकात चढवून घ्यायला देवीलाल परिवहन कार्यालयात कारकून सदाशिवरावांपुढे उभा राहिला. सदाशिवरावांच्या घरात तीन पिढ्या कचेरी. ते लाच खात नसत, हीच मोठी अडचण होती.

"इंजिन बसवायच्या आधी परवानगी घ्यायची असते, राठोड."

"बंद पडाच्या आधी इंजिननं मले कुठं इचारलं, साहेब?"

सदाशिवराव हसले नाहीत. पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन ते आवारात आले. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, तीच छाप फाइलीला लागते. त्यांनी घासली. कागदावर नुसता भगवा लगदा उमटला.

"हे काय फासलंय?"

"शेंदूर. बायकोनं लावला."

हंसाबाईचा नेमच तसा. तांड्यात नवं लोखंड आलं की तेल-शेंदूर लागल्याशिवाय ती त्याला कामाला जुंपू देत नसे. इंजिनावर तेवढीच एक सपाट जागा होती, तिथंच बाईनं बोटं ओढली होती.

"अहो, इंजिन म्हणजे देव आहे का?"

"झरीले जाऊन वापस आलं तर देवच म्हना."

"साफ करून आणा."

देवीलालनं साफ केलं. राबणाऱ्या माणसासारखं केलं, कानस घेऊन, घाम येईस्तोवर. पुढच्या खेपेला सदाशिवरावांनी कागद उचलला आणि बराच वेळ तो उन्हात धरून पाहिला. शेवटचे आकडे गेले होते.

"कानशीनं इंजिन साफ करतं का कोणी?"

"नांगराचा फाळ असाच साफ करतो, साहेब."

"फाळाला नंबर असतो का?"

"अजून तरी नाही."

ही सूचना वर पाठवावी की काय, असा भाव सदाशिवरावांच्या चेहऱ्यावर येऊन गेला.

आता गाडी बिननंबरी झाली. मग पोलिसांचा दाखला, मूळ मालकाचा जबाब आणि नंबर पुन्हा ठोकायची परवानगी. मोठे साहेब दौऱ्यावर. साहेब ताफ्यात. दरम्यान कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उपटून चुलीत गेली. देवीलालला कचेरीतल्या बाकड्याची कुरकुर ओळखीची झाली. बबिताचा फोन यायचा, "बा, झालं का?" तो म्हणायचा, "करून राह्यलो, माय."

शेवटी नंबर ठोकला गेला, छाप स्वच्छ उमटली, बुकात नोंद झाली. सदाशिवराव स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "राठोड, जिल्ह्यात इतकी कायदेशीर गाडी दुसरी नसेल." नाक्यावर हवालदारानं नंबर ताडला आणि निमूट पुढं जाऊ दिलं.

तांड्यावर हंसाबाई शेंदराची वाटी घेऊन दारातच उभी होती. देवीलालनं दुरूनच हात जोडले. "अवं बाई, तेवढं नको!"

"बरं, नाही लावत," ती म्हणाली. "बबीचा फोन आलता. ढाणकीच्या दवाखान्यात बदली झाली तिची. फिरतीचं काम नाही आता."

"मग गाडी नेऊन देतो तिले."

"कायले?"

बबिताचं क्वार्टर दवाखान्याच्या आवारातच होतं.