ठकूची हाक

मित्रांनो, मी एक जुनी आडफळी आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा. रांगतं मूल ओट्यावरून खाली पडू नये म्हणून दारात आडवी लावतात, ती मी. पाळण्याला गाणी, पांगुळगाड्याला कौतुक आणि माझ्या वाट्याला लाथा! येणारा-जाणारा स्वतःच मला ठेचकाळतो आणि वर मलाच मेली म्हणतो.

जातीनं मी सागाची, ठाण्याच्या खाडीतल्या एका मोडक्या होडीतून निघालेली. कल्याणात पारनाक्यामागच्या आळीत भाऊंनी मला दारात बसवलं, तेव्हा थोरला मधू रांगत होता. भाऊ स्टेशनात तारबाबू. त्यांची बायको मालन मला टेकून तांदूळ निवडायची. पुढे ठकू झाली आणि दोन महिन्यांत मालन तापानं गेली.

मग भाऊंनी केलं ते आळीत कुणी केलं नव्हतं. नोकरी सोडून ते पोरांपाशी घरी राहिले. बोंडल्यानं ठकूला गाईचं दूध पाजायचं, मऊभात शिजवायचा आणि मधल्या वेळात टकळीवर जानव्याचं सूत कातायचं. ती जानवी विकून घर चाले. ठकू सुताचा पार गुंता करून ठेवी, तरी तिच्यावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही.

शेजारचे आनंदाकाका जाता-येता विचारायचे, "काय भाऊ, बांगड्या कधी भरताय?" भाऊ हसायचे. आत वळले की तोंड उतरायचं, ते मीच पाहायचे. गप्पांना पुरुष त्यांना बोलावीनात. पाणी भरणाऱ्या बायका पदर सावरून पुढे जात. एकट्या पुरुषाशी बोलणार तरी कशा? दुपारी पोरं निजली की भाऊ माझ्यावर कोपर टेकून रस्ता बघत बसत. "मालन, कुणाशी तरी दोन शब्द बोलावंसं वाटतं गं," असं पुटपुटत. मला फार वाईट वाटे. पण लाकूड काय बोलणार, कपाळ!

मधूला आई आठवायची. तो दारात उभा राहून "आई" म्हणून रडे आणि भाऊ धावत येत. ठकूनं ते बघून ठेवलं. हाक मारल्यावर जे माणूस येतं, ती आई! बोबडं बोलू लागली तशी ती भाऊंनाच आई म्हणू लागली. भाऊ कानकोंडे होत. "अगं, भाऊ म्हण, भाऊ," करीत तिला आत नेत. चारचौघांत तर ओ देतच नसत.

भाऊंची थोरली बहीण सखुआक्का ठाण्याला असे. दर खेपेला तिचं एकच म्हणणं. "दुसरं लग्न कर. नाहीतर पोरं मी नेते." ठकू दीड वर्षाची झाली आणि आक्का खरंच न्यायला आली.

"पुरुषाच्या हातून पोरं वाढतात का रे?" ती म्हणाली. आक्कापुढे बोलायची भाऊंना सवय नव्हती. तिनं मधूचं गाठोडं बांधलं, ठकूला काखेत घेतलं आणि मला ओलांडून ओट्यावर आली. मधू मुसमुसत मागोमाग निघाला. एव्हाना सगळी आळी गोळा झाली होती.

ठकूनं दाराकडे हात पसरले आणि टाहो फोडला, "आई! आई!"

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, गेलेल्या आईसाठी तळमळतेय पोर. म्हणून तर म्हणते, हिला आई हवी."

आनंदाकाकांना सगळं ठाऊक. ते उपरण्याआड खुदकन हसले. भाऊंचे कान लाल झाले. ते आतल्या बाजूला मला घट्ट धरून बसले होते. अरे, ओ दे! मी मनात ओरडत होते. आज नाही दिलीस तर पोरं गेली रे!

"आई!"

"ओ," भाऊ म्हणाले. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "ओ! ओ गं बाळ. हा काय मी, इथंच आहे."

ठकूचं रडणं थांबलं. आक्का एकदा तिच्याकडे बघे, एकदा भाऊंकडे.

"तुला म्हणते होय रे ही?"

"हो आक्का, मलाच."

आक्कानं ठकूला माझ्यावरून भाऊंच्या हातात दिलं, मधूला आत लोटलं आणि पदर खोचून चुलीकडे गेली. "आमटी तरी धड करतोस का, ते बघते," म्हणाली.

लोकांची चेष्टा काही संपली नाही. पोरं मात्र घरीच वाढली, आणि मला ओलांडायला शिकली. पुढे मधू शिकायला मुंबईला गेला, ठकू आंबिवलीला सासरी गेली. मी दारामागे भिंतीला टेकून आहे, अंगाला वाळवी लागलीय. भाऊ अजून दारातच बसतात. रस्त्यात कुणाचंही पोर "आई" म्हणून ओरडलं की टकळी थांबते. "ओ," म्हणतात. मग इकडेतिकडे बघून पुन्हा कातू लागतात.

मित्रांनो, मला हवं तर बंबात घाला, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यानं घरी राहून तुम्हाला वाढवलं, त्याला अधूनमधून हाक मारायला येत जा.